पंढरपुरात सर्व्हर कनेक्ट होईना, पण खरा घोळ त्यावरच्या जुगाडात आहे

२०२५ची आषाढी एकादशी. ६ जुलै, रविवार. दुसऱ्या दिवशी, म्हणजे ७ जुलैला, जून महिन्याचा टीडीएस भरायची शेवटची तारीख.

पंढरपुरात माझ्या मामाचं टॅक्स कन्सल्टन्सीचं ऑफिस आहे. चार टेबलं, एक सर्व्हर, एक इन्व्हर्टर, एवढाच पसारा. वारीच्या दिवसांत ऑफिसच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. त्यामुळे मामाची माणसं त्या आठवड्यात घरून काम करतात. लॅपटॉपवर 'रिमोट डेस्कटॉप' सुरू करायचं आणि ऑफिसातल्या सर्व्हरवरची टॅली घरबसल्या चालवायची. तीन-चार वर्षं हे सुरळीत चाललं होतं.

त्या रविवारी संध्याकाळी मात्र कुणालाच आत जाता येईना. नेट चालू, पासवर्ड बरोबर, तरी स्क्रीनवर एकच मेसेज, अकाऊंट लॉक झालंय.

मामाने सोलापूरच्या आयटीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "साहेब, आज मी काय येऊ शकत नाही, गाड्या लांबच अडवतायत. कुणाला तरी सर्व्हरपाशी पाठवा, मी फोनवर सांगतो. ते लॉक व्हायचं सेटिंगच काढून टाकू." ऑफिसच्या मागेच राहणारा शिपाई गर्दीतून वाट काढत गेला, फोन कानाला लावून सांगितलेली बटणं दाबली. दहा मिनिटांत सगळे आत. टीडीएस वेळेत भरला गेला, विषय संपला.

दिवाळीला मी गेले तेव्हा मामाने हा किस्सा हसत हसत सांगितला. मला मात्र एक प्रश्न पडला. मुळात अकाऊंट लॉक कुणी केलं? सगळ्यांनी एकाच संध्याकाळी पासवर्ड चुकवला असं तर होत नाही ना.

मग आम्ही सर्व्हरवर 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडलं. विंडोजमध्ये कोण आलं, कोण गेलं, कुणाला दारातून परत पाठवलं याची नोंदवही असते, ती ही. फसलेल्या प्रत्येक लॉगिनला तिथे ४६२५ हा नंबर पडतो. आषाढीच्या नोंदी कधीच पुसल्या गेल्या होत्या, कारण वही भरली की जुनं खोडून नवं लिहिलं जातं. समोर होत्या त्या फक्त शेवटच्या काही दिवसांच्या नोंदी, आणि त्याच खाली जाता जाता संपेनात. दर काही सेकंदांना एक प्रयत्न. नावं काय, तर अ‍ॅडमिन, टेस्ट, अकाऊंट्स, टॅली, यूजर१, यूजर२. आता मामाच्या ऑफिसात लोकांच्या अकाऊंटची नावंही यूजर१, यूजर२ अशीच. म्हणजे कुठलं तरी मशीन दिवसरात्र त्या दाराला किल्ल्या लावून बघत होतं. ठराविक वेळा चुकल्या की कुलूप आपोआप अडकायचं आणि त्यात घरचीच माणसं बाहेर राहायची. आषाढीला तेच झालं असणार.

आणि त्या चोराला अडवणारं जे एकमेव कुलूप होतं, ते आम्हीच शिपायाला पाठवून काढून घेतलं होतं.

हा किस्सा एकट्या मामाचा नाही. पतसंस्था, सीएंची ऑफिसं, दवाखाने, भक्तनिवास, साखर कारखान्यांचे हिशेब विभाग, सगळीकडे आज कुठल्या ना कुठल्या खोलीत एक सर्व्हर असतो आणि त्याच्याशी लांबून जोडलेली माणसं असतात. जोडणी तुटली की आपल्याकडे एकच वाक्य ऐकू येतं, "सर्व्हर डाउन आहे." या तीन शब्दांत किमान दहा वेगवेगळे आजार लपलेले असतात. त्यातले बहुतेक साध्या तापासारखे. पण घाईत दिलेलं औषध जीवावर बेतू शकतं.

आधी हे रिमोट डेस्कटॉप आहे काय?

मायक्रोसॉफ्टने हे तंत्र १९९८मध्ये विंडोज एनटी ४.०च्या 'टर्मिनल सर्व्हर' आवृत्तीत आणलं. त्याच्या भाषेला म्हणतात आरडीपी. काम साधं आहे. फाइल आणि सॉफ्टवेअर सर्व्हरवरच राहतात, तुमच्यापर्यंत येतं ते फक्त स्क्रीनचं चित्र. उलट दिशेने जातात ते तुमच्या कीबोर्डचे आणि माउसचे इशारे. विठ्ठलाचं ऑनलाइन दर्शन घेताना चित्र आपल्याकडे येतं तसंच, फरक इतकाच की इथे तुम्ही लांबून आतल्या वस्तू हलवूही शकता. म्हणून तर ते इतकं कामाचं आहे आणि म्हणूनच चुकीच्या माणसाच्या हाती लागलं की इतकं महागात पडतं.

कॉम्प्युटरला बाहेरून येणाऱ्या प्रत्येक प्रकारच्या कामासाठी नंबर घातलेलं एक दार असतं, त्याला पोर्ट म्हणतात. आरडीपीचं ठरलेलं दार आहे ३३८९. हा नंबर लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पंढरपूर यात वेगळं का? २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या लाखाच्या आसपास होती. आषाढीला याच गावात त्याच्या कितीतरी पट माणसं येतात आणि चैत्री, कार्तिकी, माघीलाही गर्दी असतेच. आयटीची माणसं बसतात सुमारे ७० किलोमीटरवर सोलापुरात, नाहीतर २०० किलोमीटरच्या पुढे पुण्यात. एरवी तो माणूस दोन तासांत मोटरसायकलवर येतो. वारीत रस्ते बंद. मोबाइल कंपन्या जादा टॉवर उभे करतात, तरी फोनवर रेंजच्या काड्या पूर्ण दिसतात आणि नेट मात्र चालत नाही. म्हणजे लांबून काम करायची गरज सगळ्यात जास्त असते तेव्हाच लांबून पोचणं सगळ्यात अवघड होतं. असल्या वेळी माणूस जुगाड करणार नाही तर काय करणार?

गाडी नेमकी कुठे अडली?

आयटीवाल्यांशी बोलल्यावर आणि मायक्रोसॉफ्टची कागदपत्रं वाचल्यावर माझ्या लक्षात आलेली सोपी गोष्ट अशी. कनेक्ट होत नाही म्हणजे तीनपैकी एक काहीतरी असतं. तुम्ही दारापर्यंत पोचतच नाही. पोचता, पण दार उघडत नाही. किंवा आत जाता, पण टिकत नाही. दर्शनरांगेत उभं राहिलेल्या माणसाला हा फरक समजावून सांगायला नको. एसटी टेंभुर्णीतच अडकली असेल तर मंदिराच्या दारावर तक्रार करून उपयोग काय?

पहिला प्रकार, पोचतच नाही. यात विंडोज तीन शक्यता असलेला एक गुळगुळीत मेसेज दाखवतं. सर्व्हरवर रिमोटची परवानगी नाही, सर्व्हर बंद आहे किंवा तो नेटवर्कवर सापडत नाही. लोक हा मेसेज वाचतच नाहीत, फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. पण याचा अर्थ स्पष्ट आहे. पासवर्डचा इथे काहीही संबंध नाही, पासवर्ड विचारण्यापर्यंत गाडी गेलेलीच नाही. त्यामुळे तो बदलत बसू नका.

लाइट जाऊन आली आणि सर्व्हर आपोआप सुरू झालाच नाही, हे कारण सगळ्यात जास्त वेळा निघतं. दुसरं म्हणजे राउटर बंद होऊन चालू झाला आणि इंटरनेट कंपनीने नवा आयपी पत्ता दिला. तुमचा लॅपटॉप जुन्याच पत्त्यावर हाका मारत बसतो. कायमचा पत्ता हवा असेल तर कंपनीकडून 'स्टॅटिक आयपी' घ्यावा लागतो, त्याचे वेगळे पैसे असतात आणि नेमके तेच वाचवलेले असतात. काही ब्रॉडबँड आणि मोबाइल नेटमध्ये तर शेकडो ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता असतो. अशा वेळी बाहेरून थेट तुमच्या ऑफिसापर्यंत येणारी वाटच नसते, राउटरमध्ये कितीही सेटिंग करा.

तिसरं कारण मजेशीर आहे. राउटर बदलला की विंडोज कधी कधी ऑफिसच्या नेटवर्कला 'पब्लिक' समजायला लागतं, म्हणजे एखाद्या हॉटेलच्या वायफायसारखं, आणि फायरवॉल दारं बंद करून घेते. हे सेटिंग पुन्हा 'प्रायव्हेट' केलं की काम होतं. पण नव्वद टक्के वेळा होतं काय, तर कुणीतरी फायरवॉलच बंद करून टाकतं. (नव्वद टक्के हा आकडा माझ्या वैतागाचा आहे, सर्व्हेचा नाही.)

आणखी एक. 'पिंग करून बघितलं, उत्तर येत नाही, म्हणजे सर्व्हर मेला' हे खरं नसतं, कारण बऱ्याच ठिकाणी पिंगला उत्तर द्यायचं नाही असं सांगितलेलं असतं. पॉवरशेलमध्ये 'टेस्ट-नेटकनेक्शन' नावाची कमांड असते, तिला ३३८९ हा पोर्ट देऊन विचारलं की ते दार उघडं आहे की नाही हे लगेच कळतं. हे आधी ऑफिसच्या आतल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरून करा, मग बाहेरून. आतून जमतं आणि बाहेरून नाही, तर सर्व्हर ठणठणीत आहे, भांडण राउटरशी किंवा नेट कंपनीशी आहे.

दुसरा प्रकार, पोचता पण दार उघडत नाही. इथे पासवर्डचा विषय येतो, पण तेवढाच नाही. पासवर्डची मुदत संपली असेल तर रिमोटवरून तो बदलताही येत नाही, कारण आत घेण्याआधीच ओळख तपासायची पद्धत, म्हणजे 'एनएलए', तुम्हाला त्या पडद्यापर्यंत जाऊ देत नाही. डोमेनवर चालणाऱ्या मोठ्या ऑफिसात दोन मशीनच्या घड्याळांत पाच मिनिटांहून जास्त फरक पडला तरी लॉगिन नाकारलं जाऊ शकतं. जुन्या मशीनच्या मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला की तारीख मागे जाते, आणि सगळे शोधत बसतात व्हायरस.

यातला गाजलेला प्रसंग २०१८चा. मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टने लॉगिनच्या पद्धतीतली एक कमजोरी बुजवली आणि ८ मेच्या अपडेटपासून नियम कडक केला. ज्या लॅपटॉपवर अपडेट आलं होतं त्याने अपडेट न झालेल्या सर्व्हरशी बोलायचं नाकारलं. जगभर एका सकाळी ऑफिसं अडकली. खरा उपाय होता सर्व्हर अपडेट करणं. पण इंटरनेटवर जो उपाय व्हायरल झाला, तो होता लॅपटॉपवरची तपासणीच सैल करण्याचा. तात्पुरता म्हणून केलेला तो बदल कित्येकांनी नंतर पूर्ववत केला नसेल.

मामाचं अकाऊंट लॉक होणं याच प्रकारातलं. पासवर्ड बरोबर असताना अकाऊंट पुन्हा पुन्हा लॉक होत असेल, तर ती बिघाडाची तक्रार समजू नका. कुणीतरी दार ठोठावतंय, याची ती वर्दी असू शकते.

तिसरा प्रकार, आत जाता पण टिकत नाही. २०२५च्या सुरुवातीला विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीत एका अपडेटनंतर असा घोळ झाला होता की विंडोज सर्व्हर २०१६ किंवा त्याहून जुन्या सर्व्हरला जोडलं की काही जोडण्या बरोबर ६५ सेकंदांनी तुटायच्या. मार्च अखेरीस मायक्रोसॉफ्टने तो दुरुस्त केला. असा घड्याळ लावल्यासारखा तुटण्याचा वेळ दिसला तर नेटला शिव्या घालू नका, नेट इतकं वक्तशीर नसतं. तसंच सर्व्हर २०१९वर लायसन्सचा प्रकार चुकला असेल तर काही वेळा ६० मिनिटांनी बाहेर काढलं जातं.

लायसन्स हा तर आपल्याकडचा नाजूक विषय. विंडोज सर्व्हरवर रिमोटसाठी वेगळं लायसन्स न घेता एका वेळी दोनच जण जोडले जाऊ शकतात, तेही देखभालीच्या कामासाठी. जास्त लोकांसाठी सुविधा सुरू केली की १२० दिवसांची सवलत मिळते. ती संपली की एका सकाळी सगळ्यांना 'लायसन्स सर्व्हर उपलब्ध नाही' असा मेसेज. ज्याने बसवलं तो चार महिन्यांपूर्वी बिल घेऊन गेलेला असतो. आणि दोनच जागा असताना कुणी कोपऱ्यातली फुली मारून चहाला गेलं तरी त्याची जागा अडलेलीच राहते, कारण फुलीने फक्त खिडकी मिटते, आतलं सत्र चालूच असतं. 'साइन आउट' करायला शिकवलं तर छोट्या ऑफिसांतल्या निम्म्या कटकटी कमी होतील असं मला वाटतं.

जुगाडांची यादी

सर्व्हरचं लायसन्स महाग, मग लोक काय करतात? साध्या विंडोज १० किंवा ११ प्रोच्या मशीनलाच सर्व्हर म्हणतात. त्यावर एका वेळी एकच जण रिमोटने बसू शकतो. मग 'आरडीपी रॅपर' नावाचं फुकटचं टूल टाकतात, ते ही मर्यादा ओलांडून देतं. ते मायक्रोसॉफ्टच्या अटींत बसत नाही, अँटिव्हायरस त्याला धोकादायक म्हणून पकडतो आणि विंडोज अपडेट आलं की ते बरेचदा बंद पडतं. मग आयटीवाला सांगतो, अपडेटच बंद करा. झालं. आता जोडणी तुटत नाही, पण त्या मशीनला सुरक्षेची एकही दुरुस्ती मिळत नाही.

हे किती महाग पडू शकतं? १४ मे २०१९ला मायक्रोसॉफ्टने आरडीपीतल्या 'ब्लूकीप' नावाच्या कमजोरीची दुरुस्ती आणली. ती इतकी गंभीर होती की सपोर्ट कधीच बंद झालेल्या विंडोज एक्सपीसाठीही त्यांनी पॅच दिला. पासवर्ड माहीत नसताना नुसत्या नेटवर्कवरून मशीन ताब्यात जाऊ शकत होतं. एनएलए सुरू असेल तर त्यात बराच आडोसा मिळत होता. आणि आपल्याकडे 'कनेक्ट होत नाही' म्हटलं की फोनवरून पहिला सल्ला येतो, त्या एनएलएची टिक काढा.

दुसरा जुगाड, ३३८९ दार राउटरमधून सगळ्या जगासाठी उघडून द्यायचं. यालाच 'पोर्ट फॉरवर्ड केलंय' म्हणतात. मामाच्याकडे हेच होतं. इंटरनेटवरचे पत्ते एकामागून एक तपासत जाणारी मशीन चोवीस तास चालू असतात. तुम्ही पंढरपुरात छोटं ऑफिस चालवता की मुंबईत बँक, हे त्यांना माहीतही नसतं. उघडं दार दिसलं की किल्ल्या सुरू. काहीजण ३३८९ऐवजी ३३९० किंवा भलताच नंबर लावतात आणि निश्चिंत होतात. दाराचा रंग बदलल्याने कुलूप मजबूत होत नाही.

तिसरा जुगाड, एनीडेस्क. अ‍ॅप वाईट नाही, पण कायमचा पासवर्ड ठेवून, तोच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकून वापरलं तर दाराची किल्ली नोटीस बोर्डावर टांगण्यासारखं आहे. फोनवरच्या एनीडेस्कमधून होणाऱ्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९मध्येच इशारा दिला होता. फेब्रुवारी २०२४मध्ये तर एनीडेस्क कंपनीच्या स्वतःच्याच सर्व्हरमध्ये घुसखोरी झाल्याचं तिने जाहीर केलं आणि जुनी प्रमाणपत्रं बदलली.

पण आमच्यासारख्यांना कोण हॅक करणार?

मामाचा हा आवडता प्रश्न. उत्तर महाराष्ट्रातच आहे. फेब्रुवारी २०२१च्या अखेरीस पिंपरी-चिंचवड स्मार्ट सिटी प्रकल्पाच्या सर्व्हरवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला, प्रकरण पोलिसांत गेलं. पुढच्याच महिन्यात, २१ मार्चच्या पहाटे, एमआयडीसीवर हल्ला झाला आणि मुंबईच्या मुख्यालयासह १६ प्रादेशिक कार्यालयांचं काम अडलं. रॅन्समवेअर म्हणजे तुमच्याच फाइलना कुलूप लावून किल्लीसाठी खंडणी मागायची. या दोन केस आरडीपीच्या आहेत असं मी म्हणत नाहीये. पण मोठा पैसा आणि मोठ्या कंपन्या पाठीशी असलेल्या यंत्रणा अडकल्या, हे लक्षात घ्या.

आरडीपीचा वाटा केवढा, त्याचा अंदाज सोफोस या सुरक्षा कंपनीच्या अहवालातून येतो. २०२३मध्ये त्यांनी हाताळलेल्या दीडशेहून जास्त हल्ल्यांपैकी ९० टक्क्यांत हल्लेखोरांनी कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर आरडीपी वापरलं होतं. कधी आत शिरायला, कधी आत शिरल्यावर एका मशीनवरून दुसऱ्यावर जायला. त्याआधी, सप्टेंबर २०१८मध्ये, अमेरिकेच्या एफबीआयने याच दाराबद्दल जाहीर इशारा दिला होता.

छोट्या ऑफिसाकडे खंडणीइतके पैसे नसतील, पण लोकांचे कागद असतात. एका टॅक्स कन्सल्टंटच्या सर्व्हरवर काय असतं बघा. शेकडो लोकांचे पॅन, आधार, बँक खाती, कुणाचं उत्पन्न किती, कुणी जमीन कितीला विकली. पतसंस्थेत तर ठेवीदारांचं सगळंच. एकादशीला टीडीएस वेळेत भरला म्हणून मामाने दंड वाचवला. त्याच सर्व्हरवर ज्यांचे आधार कार्ड आहेत, त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

कायदाही आता 'आम्ही छोटे आहोत' एवढ्यावर सोडत नाही. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार असा हल्ला लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचं असतं आणि सर्व्हरच्या नोंदी १८० दिवस जपायच्या असतात. मामाच्या वहीत आठवडाभराच्याही नोंदी टिकत नव्हत्या. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले, मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतील. डेटा जपण्यात कसूर झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. एवढा दंड कुणी छोट्या ऑफिसाला लावणार नाही, पण जबाबदारी कुणाची हे त्यात स्पष्ट आहे. आयटीवाल्याची नाही, डेटा ठेवणाऱ्याची.

मग करायचं काय?

पहिली गोष्ट, ३३८९ थेट इंटरनेटला उघडं ठेवायचं नाही. मध्ये व्हीपीएन घालायचं. म्हणजे आधी ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायचं वेगळं, पक्कं कुलूप, मग रिमोट डेस्कटॉप. बऱ्याच राउटरमध्ये ही सोय आधीच असते, वायरगार्डसारखी फुकट आणि कायदेशीर साधनंही आहेत. मोठ्या ऑफिसांनी मायक्रोसॉफ्टचं रिमोट डेस्कटॉप गेटवे वापरावं. त्यावर मोबाइलच्या कोडचं दुसरं कुलूप लावा. यूजर१ असली नावं बदला. बॅकअपची एक प्रत सर्व्हरपासून सुटी ठेवा, कारण सर्व्हरला कायम जोडलेल्या हार्ड डिस्कलाही रॅन्समवेअर तेच कुलूप लावतं.

आणि मशीनचं वय बघा. विंडोज सर्व्हर २०१२ आर२चा नेहमीचा सपोर्ट ऑक्टोबर २०२३मध्ये संपला, विंडोज १०चा १४ ऑक्टोबर २०२५ला, आणि सर्व्हर २०१६चा १२ जानेवारी २०२७ला संपतोय. खर्च एकदम अंगावर येण्यापेक्षा आधी माहीत असलेला बरा.

यात एक मर्यादा मात्र कुठल्याच सॉफ्टवेअरने सुटत नाही. १९ जुलै २०२४ आठवतोय? आषाढीनंतरचा दुसरा दिवस. क्राउडस्ट्राइकच्या एका चुकलेल्या अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळ्या पडद्यावर अडकले, आपल्या विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहायची वेळ आली. विंडोजच सुरू होत नव्हतं, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी रिमोटने काहीच करता आलं नाही, कुणीतरी मशीनपाशी जाऊन बसायलाच लागलं. म्हणून वारीच्या आठवड्यात सर्व्हरपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहणारा एक माणूस ठरलेला हवा. त्याला इंजिनिअर असायची गरज नाही. स्विच कुठला, राउटरचे कुठले दिवे हिरवे हवेत आणि कुठली सेटिंग कुणीही फोनवर सांगितली तरी बदलायची नाहीत, एवढं त्याच्याकडे लिहिलेलं असलं की झालं.

असं लॉकचं प्रकरण तुमच्याकडे घडलं, तर आधी राउटरमधलं ते बाहेरचं दार बंद करा, मग अकाऊंट उघडा, मग पासवर्ड बदला. क्रम उलटा झाला तर काही उपयोग नाही. नोंदींमध्ये ४६२४, म्हणजे यशस्वी लॉगिन, अनोळखी पत्त्यावरून किंवा रात्री तीनला दिसलं, तर मशीन नेटवरून काढा, काहीही पुसू नका आणि सर्ट-इनला कळवा. पैसे गेले असतील तर १९३० हा हेल्पलाइन नंबर आहेच.

मामाच्या सर्व्हरवर सुदैवाने तसलं काही दिसलं नाही, निदान उरलेल्या नोंदींमध्ये तरी. भाऊबीजेनंतरच्या आठवड्यात आयटीवाला आला, राउटरवर व्हीपीएन बसवलं, ३३८९चं दार बंद केलं, लॉकचं सेटिंग परत लावलं. दोन तासांचं काम. मामा बिल देताना म्हणाला, "एवढंच होतं तर तेव्हाच का नाही केलंस?" तो म्हणाला, "तेव्हा तुम्ही म्हणालात, आत्ता चालू करून दे."

कार्तिकीला सगळे पुन्हा घरून कामाला बसले. ऑफिसातल्या ताईंचा फोन आला, कनेक्ट होईना. मामाने मेसेज वाचून दाखवायला सांगितलं. तोच तीन शक्यतांचा मेसेज, म्हणजे दारापर्यंतही पोचलेल्या नाहीत. "ताई, आधी ते व्हीपीएन चालू केलंय का?" पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग हसणं.